गाठ काढायची की स्तन? ‘उलटणं’ या एका शब्दाचा घोळ

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरात एक वाक्य हमखास येतं: “एकदाचा काढूनच टाका, परत कटकट नको.” बोलणारा कधी नवरा असतो, कधी सासूबाई, कधी पेशंट स्वतःच. हेतू चांगला असतो, पण त्यामागचा हिशेब चुकलेला असतो. तो इतक्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलाय, की आता एकदा बैजवार लिहून ठेवते. पुढच्या वेळी फोनवर तासभर बोलण्याऐवजी हेच पाठवेन.

मास्टेक्टॉमी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पूर्ण स्तन काढतात. लम्पेक्टॉमीत गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी भागाचा थोडा थर काढतात, बाकीचा स्तन राहतो. ड्रेनची नळी, टाके, मुक्कामाचे दिवस, हात वर न्यायला लागणारा वेळ, यांत फरक पडतो, पण हे फरक काही आठवड्यांचे. काखेतल्या ग्रंथींची तपासणी साधारणपणे दोन्हींत होते. आणि किमो? “पूर्ण काढलाय, आता किमो कशाला?” या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. किमो द्यायचा की नाही हे गाठीचा प्रकार, हार्मोन रिसेप्टर (म्हणजे गाठ हार्मोनवर पोसली जाते का), हर-टू (काही गाठींच्या पेशींवर जास्त असणारं एक प्रथिन), काखेत आजार पोचलाय का, यांवर ठरतं. सर्जनने किती कापलं यावर नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. मी इथे सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरबद्दल बोलतेय, जिथे दोन्ही ऑपरेशनं शक्य आहेत आणि सर्जन “तुम्ही ठरवा” म्हणतात. जिथे एकच रस्ता आहे तिथे हा लेख उपयोगाचा नाही.

आता मूळ घोळाकडे येऊ. आपल्याकडे आजार परत आला की ‘उलटला’ म्हणतात. “तिचा कॅन्सर उलटला.” ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि पुढचं कुणी विचारत नाही. पण कुठे उलटला? या एका शब्दाच्या पोटात दोन अगदी वेगळ्या घटना आहेत.

पहिली: ज्या स्तनात ऑपरेशन झालं त्याच स्तनात, किंवा स्तन काढला असेल तर छातीच्या त्याच जागेवर, पुन्हा गाठ येणं. दुसरी: हाडांत, फुप्फुसांत, यकृतात किंवा मेंदूत आजार दिसणं. पहिलीला डॉक्टर लोकल रिकरन्स म्हणतात, दुसरीला मेटास्टॅसिस. माणूस दगावतो तो दुसरीमुळे. स्तन हा काही श्वास घेणारा किंवा रक्त गाळणारा अवयव नाही. गाठ जोवर फक्त स्तनात आहे तोवर ती जीव घेत नाही. जीव जातो तो तिच्या पेशी रक्तावाटे बाहेर पडून जिथे जायला नको तिथे रुजल्या म्हणून.

आता प्रश्न असा, की त्या पेशी बाहेर पडायच्या असतील तर कधी पडतात? बऱ्याचदा निदान होण्याच्याही आधी. गाठ हाताला लागेपर्यंत ती कैक महिने, कधी वर्षंही तिथे असते. ज्या पेशी तेवढ्या काळात निसटल्या, त्या ऑपरेशनच्या दिवशी स्तनात नसतातच. मग सर्जनने दोन इंच कापलं काय नि सगळा स्तन कापला काय, त्यांच्यापर्यंत सुरी पोचत नाही. त्यांच्यासाठी असतात किमो, हार्मोनच्या गोळ्या आणि हर-टूवरची औषधं. घर सोडून गेलेल्या माणसाला शोधायला घर पाडून काय उपयोग?

म्हणून हे दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात. कुठलं ऑपरेशन निवडलं याने पहिल्या प्रकारच्या ‘उलटण्या’त फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे जगण्या-मरण्यात, जवळजवळ पडत नाही. हे ऐकलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, म्हणून आकडे.

अमेरिकेत बर्नार्ड फिशर या सर्जनच्या पुढाकाराने 1976 मध्ये एक चाचणी सुरू झाली, एनएसएबीपी बी-06. चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या बायकांचे तीन गट पाडले: पूर्ण स्तन काढणं, फक्त लम्पेक्टॉमी, आणि लम्पेक्टॉमीनंतर रेडिएशन, म्हणजे ज्याला आपण ‘शेक’ म्हणतो ते किरणोपचार. कुणी कुठल्या गटात जायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं, पेशंटच्या किंवा डॉक्टरच्या पसंतीने नाही. यातल्या 1,851 बायकांचा वीस वर्षांचा हिशेब 2002 मध्ये छापून आला. त्याच स्तनात पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण लम्पेक्टॉमी आणि रेडिएशनच्या गटात 14.3 टक्के, नुसत्या लम्पेक्टॉमीच्या गटात 39.2 टक्के. आणि वीस वर्षांनी हयात असलेल्या बायका? 47, 46 आणि 46 टक्के. पहिला आकडा मास्टेक्टॉमीचा. हा फरक धरण्याजोगा नाही.

(46-47 टक्के बघून दचकू नका. यात म्हातारपणाने आणि इतर आजारांनी गेलेल्याही धरल्या आहेत, आणि तेव्हाची औषधं आजच्या मानाने फारच तोकडी होती. आज त्याच स्तनात गाठ परत येण्याचं प्रमाणही 14 टक्क्यांपेक्षा बरंच कमी झालंय.)

इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी या सर्जनने 1973 मध्ये जी चाचणी सुरू केली ती याहून बोलकी आहे. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी, 701 बायका. निम्म्या बायकांचा स्तन छातीच्या स्नायूंसकट काढला, निम्म्यांचा फक्त गाठीकडचा चतकोर भाग काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षांत स्तन राखलेल्यांपैकी 30 जणींना त्याच स्तनात आजार परत आला, स्तन काढलेल्यांपैकी 8 जणींना त्याच जागी. 30 आणि 8! “बघा, म्हणजे काढलेलाच बरा,” असं इथे प्रत्येक जण म्हणतो. पण पुढची ओळ वाचा: दोन्ही गटांतल्या मृत्यूंचं प्रमाण सारखंच निघालं.

आणि त्या 8 जणींकडेही नीट बघा. स्तनच नाही तर गाठ आली कशात? छातीवरच्या त्वचेत, व्रणाच्या आजूबाजूला. स्तनाच्या ऊतीला आखीव सीमा नसते. ती त्वचेखाली आणि काखेकडे पसरलेली असते, आणि शेवटची पेशीही मागे राहू नये असं ऑपरेशन अस्तित्वात नाही. ‘काढला की संपलं’ हे मास्टेक्टॉमीच्या बाबतीतसुद्धा खरं नाही.

मग ही ‘मुळासकट काढा’ची कल्पना आली कुठून? आपली म्हणावी तर आपली, पण डॉक्टरांची त्याहून जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॅल्स्टेड या अमेरिकन सर्जनने जी शस्त्रक्रिया रूढ केली तिचं नाव रॅडिकल मास्टेक्टॉमी. ‘रॅडिकल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘मूळ’ या शब्दावरूनच आला आहे. कॅन्सर स्तनातून पायरीपायरीने बाहेर सरकतो, म्हणून जितकं लांबून कापाल तितकं बरं, असा तो विचार. छातीचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी, सगळं काढत. सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या सर्जनांनी हेच केलं. फिशर आणि वेरोनेसींच्या चाचण्यांनी ती इमारत पाडली. वैद्यकशास्त्राने सोडून दिलेला विचार घराघरांत मात्र अजून नांदतोय.

इथे एक पोटकलम आहे, ते गाळलं तर मीही अर्धाच हिशेब सांगितल्यासारखं होईल. लम्पेक्टॉमी हे अर्धं नाव आहे. पूर्ण नाव ‘लम्पेक्टॉमी आणि रेडिएशन’. मास्टेक्टॉमीशी तुलना करायची ती या जोडीची. स्तनात गाठ परत येणं जीवघेणं नसतं म्हणून रेडिएशन टाळलं तरी चालेल, असा उलटा अर्थ काढू नका. 2011 मध्ये 10,801 बायकांच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं, तेव्हा लम्पेक्टॉमीनंतर रेडिएशन घेतलेल्यांत पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 25.2 वरून 21.4 टक्क्यांवर आलेले दिसले. म्हणजे मागे राहिलेल्या गाठींपैकी थोड्या नंतरही पेशी सोडतात. सत्तरीच्या आसपासच्या, लहान आणि हार्मोनला प्रतिसाद देणारी गाठ असलेल्या बायकांना हार्मोनच्या गोळ्या घेऊन रेडिएशन वगळता येतं, पण ते डॉक्टरांनी सांगायचं. “शेक नको गं बाई” म्हणून आपण ठरवायचं नाही. पूर्वी पाच-सहा आठवडे रोज जावं लागायचं, आता बहुतेकींचं तीन-चार आठवड्यांत होतं, काहींचं तर एका आठवड्यात. आणि मास्टेक्टॉमी केली म्हणजे रेडिएशन टळलंच असंही नाही. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी निघाली किंवा काखेतल्या चार किंवा जास्त ग्रंथींत आजार सापडला, तर ते छातीवरही द्यावं लागतं.

माझा कल कुठे आहे हे एव्हाना कळलंच असेल. दोन्ही शक्य असतील तर लम्पेक्टॉमी आणि रेडिएशन. पण मास्टेक्टॉमीला माझा विरोध नाही, विरोध आहे तो चुकीच्या कारणासाठी ती करण्याला. योग्य कारणं पुष्कळ आहेत. त्या बाजूला आधी कधी रेडिएशन झालंय, स्तनभर संशयास्पद कॅल्शियमचे ठिपके पसरलेत, कापूनही कड साफ येत नाही (म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडतात), बीआरसीए जनुकात दोष आहे आणि पुढचा नवा कॅन्सर टाळायचाय. रेडिएशनला इतके दिवस येणं-जाणं जमण्यासारखं नाही, हेही कारणच. माझ्या आतेबहिणीचं कारण आणखी वेगळं होतं. दर वर्षी मॅमोग्राम आणि रिपोर्ट येईपर्यंतच्या रात्री, हे तिला नको होतं. “ताई, याने मी जास्त जगणार नाही हे मला कळलंय,” ती म्हणाली, “पण झोप जास्त लागेल.” यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिने नेमकं काय विकत घेतलं हे तिला ठाऊक होतं, आणि माझं म्हणणं एवढंच असतं.

दुसरी, निरोगी बाजूही काढून टाकण्याचा सूर हल्ली वाढलाय. जनुकीय दोष नसेल तर त्याने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. त्या बाजूला होऊ शकणारा नवा कॅन्सर टळतो हे खरं, पण आत्ता झालेला कॅन्सर हाडांत जायचा असेल तर तो या स्तनातून जाईल, त्या स्तनातून नाही.

गाठ मोठी म्हणजे मास्टेक्टॉमीच, हाही गैरसमज. गाठ स्तनाच्या मानाने केवढी आहे ते बघतात. मोठ्या स्तनातली तीन सेंटिमीटरची गाठ आरामात निघते, लहान स्तनातली तेवढीच गाठ काढल्यावर उरतं काय हा प्रश्न येतो. कित्येकदा आधी किमो देऊन गाठ लहान करतात आणि मग लम्पेक्टॉमी जमते. असं ठरलं तर पहिल्या किमोच्या आधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवणार का हे विचारा. औषधाने गाठ पार विरघळली तर ती कुठे होती हे सर्जनला त्या क्लिपवरूनच कळतं.

‘उलटला’सारखाच आणखी एक घोळाचा शब्दप्रयोग म्हणजे ‘गाठ काढली’! साधी, बिनकॅन्सरची गाठ काढली तरी आपण हेच म्हणतो आणि लम्पेक्टॉमी झाली तरी हेच. त्यामुळे “छोटीशी गाठ आहे, आधी काढून घेऊ, मग तपासायला पाठवू” हे लोकांना साहजिक वाटतं. तसं करू नका. आधी सुईने बायॉप्सी, मग निदान, मग बेत. आंधळेपणाने काढलेल्या गाठीत कॅन्सर निघाला तर कड साफ होती की नाही याचा पत्ता नसतो आणि पुन्हा थिएटरमध्ये जावं लागतं.

कड साफ म्हणजे काय, तर काढलेल्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शाईला कॅन्सरची पेशी टेकलेली नाही म्हणजे मार्जिन साफ. पूर्वी सर्जन अंदाजाने जास्तीचा सेंटिमीटरभर भाग मागायचे. इन्व्हेसिव्ह, म्हणजे दुधाच्या नळ्यांबाहेर आजूबाजूच्या ऊतीत घुसलेल्या, कॅन्सरसाठी 2014 पासून ‘शाईवर पेशी नको’ एवढीच अट मान्य झाली आहे. शाईला पेशी टेकलेली निघाली तर त्या बाजूचा आणखी थोडा भाग काढतात. साधारण पाचातल्या एकीच्या वाट्याला हे येतं. त्याचा अर्थ आजार पसरला असा नाही, सर्जन चुकला असाही नाही. पण घरात नेमकं याच दिवशी कुणीतरी म्हणतं, “सांगत होतो ना, पूर्णच काढायला हवा होता.” त्या माणसाला पाठवायला म्हणून हा लेख जपून ठेवा, आणि पहिल्या ऑपरेशनच्या आधीच सर्जनला विचारून घ्या, की कड साफ आली नाही तर पुढचा बेत काय.