नवेगावबांधचा तलाव: आधी धान, मग वाघ

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांधचा तलाव पाहून पर्यटक हमखास म्हणतात, काय निसर्ग आहे! निसर्ग आहेच, पण पाणी माणसांनी अडवलेलं आहे. तेही धानासाठी.

अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असं मानतात. भोवती डोंगर, त्यातल्या सात शिखरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. जागा हेरण्यातच खरं कसब होतं. डोंगरांमधल्या खिंडी तेवढ्या मातीच्या पाळी घालून बुजवल्या की मधल्या खोलगटात पाणी आपोआप साठतं. कमी माती, अफाट पाणी. कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाले.

कोहळी ही तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्यांची जात. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांनी त्यांना बोलावून घेतलं आणि तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, असं ठरवलं, असं सांगतात. भंडारा-गोंदियाकडे गावोगाव तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, दिसतात, त्यामागे या व्यवहाराचा मोठा वाटा असावा.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी’, बोलीत ‘मामा तलाव’. नाव गोड, पण हा मामा भाच्यांनी वाऱ्यावर सोडलेला. गाळ उपसणार कोण, याचं उत्तर धूसर झालं आणि कित्येक तलावांत बेशरम नावाची झुडपं माजली.

नवेगावचं नशीब वेगळं, कारण तलावाला लागून दाट जंगल होतं. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे १३४ चौरस किलोमीटरचं. हिवाळ्यात येणाऱ्या पाणपक्ष्यांमुळे नावही झालं. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांचा इथला मुक्काम मराठी वाचकांना माहीत आहेच. त्यांना जंगल वाचायला शिकवणाऱ्यांत गावचे माधवराव पाटील डोंगरवार होते, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. वनखात्याच्या आधीपासून इथे जाणकार होते.

डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही संरक्षित जंगलं एकत्र करून राज्यातला पाचवा व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. क्षेत्र मोठं, वाघ थोडे. म्हणून मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या. सफारीची गर्दीही नागझिऱ्याकडेच जास्त. नवेगावला येणारा बहुधा तलावासाठीच येतो.