फॅशन डॉलचे जुन्या वळणाचे उन्हाळी कपडे

तरुण स्त्रीच्या बांध्याच्या, साधारण २९ सेंमी. म्हणजे साडेअकरा इंच उंचीच्या, बार्बीसारख्या बाहुलीसाठी १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या फॅशनच्या धर्तीवर सुती कपडे बेतून शिवण्याची घरगुती कला. बिनबाह्यांचा घेरदार फ्रॉक, मानेमागे बांधायचा हॉल्टर, पोटरीपर्यंतची तंग पँट, खलाशी गळ्याचा ब्लाउज, रुंद काठाची गवती टोपी असा हा पेहराव असतो. बाहुली परदेशी आणि फॅशनही परदेशी असली, तरी लागणारे कापड, दोरा, लेस आणि शिवणाची रीत नाशिकसारख्या शहरात सहज हाताशी असते. विशेष म्हणजे या आकाराच्या बाहुलीला उन्हाळी कपडेच सर्वांत चांगले बसतात. त्याचे कारण ऋतूत नसून कापडाच्या जाडीत आहे. ते पुढे येईल.

छोट्या मापाचे शिवणकाम मराठी घरांना परके नाही. बाळंतविड्यातली झबली, टोपडी आणि कुंच्या, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचा अंगरखा, चिंध्यांच्या बाहुलीचे परकर-पोलके, बाहुला-बाहुलीच्या लग्नात लाकडी ठकीला नेसवलेला खणाचा तुकडा, हे सगळे याच कुळातले. पंचवटीत रामकुंड आणि काळाराम मंदिराच्या आसपास पूजासाहित्याच्या दुकानांत देवांची शिवलेली वस्त्रे मिळतात. एवढ्याशा बाहीला जर कशी लावली आहे, गोल घेराला पट्टी कशी फिरवली आहे, हे तिथे कापड उलटून पाहावे; शिकण्यासारखे पुष्कळ सापडते. फॅशन डॉलच्या बाबतीत मात्र काम एका पायरीने अवघड होते. बाळकृष्णाचा घेर नुसता पसरायचा असतो, त्याला कमर आणि मुंढा (बाही जोडायची खाच) सांभाळावा लागत नाही. जुन्या बार्बीची छाती सुमारे १३ सेंमी., कमर जेमतेम ९ सेंमी. आणि नितंब सुमारे १३ सेंमी. असतात. एवढ्याशा अंगावर एवढा फरक बसवायचा, तर टक्स, म्हणजे कापड आत घेणाऱ्या निमुळत्या चिमट्या, मारल्यावाचून गत्यंतर नाही.

या कपड्यांचा मूळ नमुना बार्बीच्या पहिल्या काही वर्षांतला आहे. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने ही बाहुली ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात मांडली. मॅटेलच्या सहसंस्थापक रूथ हँडलर यांनी आपली मुलगी बार्बरा हिला कागदी बाहुल्यांना मोठ्या बायकांचे कपडे चढवून खेळताना पाहिले होते, आणि ‘बिल्ड लिली’ ही जर्मन बाहुलीही त्यांच्यासमोर होती. पहिली बार्बी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोहण्याच्या पोशाखात आली. तिच्या सुरुवातीच्या कपड्यांची आखणी शार्लट जॉन्सन यांची. शिवण जपानमध्ये झाली. त्या कपड्यांना अस्तर होते, झिप खरोखर उघडत-मिटत होती, बटणे काजातून जात होती. १९५९ च्या ‘सबर्बन शॉपर’मध्ये निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उन्हाळी फ्रॉक आणि बाजाराची विणलेली पिशवी होती, ‘पिकनिक सेट’मध्ये लाल-पांढऱ्या चौकडीचा ब्लाउज, आखूड जीन्स, गवती टोपी आणि मासे धरायचा गळ. त्या फ्रॉकची बारीक कमर आणि फुललेला घेर ही फ्रेंच फॅशनकार ख्रिस्तियाँ दिओर यांच्या फेब्रुवारी १९४७ मधल्या ‘न्यू लूक’ची देणगी. आज कारखान्यातून येणाऱ्या बाहुलीच्या कपड्यांना बहुधा अस्तर नसते आणि मागे व्हेल्क्रोची पट्टी डकवलेली असते. जुन्या वळणाकडे शिवणाऱ्यांची ओढ आहे ती तिथल्या कारागिरीमुळे, आणि ती ओढ रास्तच आहे.

माणसाच्या मापाला सहाने भागले की या बाहुलीचे माप येते, असे ढोबळ गणित आहे. पण सहाने भागली जातात ती फक्त लांबी-रुंदी. धागा होता तेवढाच जाड राहतो. पाव मिलिमीटर जाडीचे पॉपलिन बाहुलीच्या अंगावर दीड मिलिमीटर जाडीच्या कापडासारखे वागते, म्हणजे ताडपत्रीसारखे ताठ उभे राहते. त्यामुळे डेनिम, खादीचे भरड कापड किंवा लोकर या मापात नीट पडतच नाही. मलमल, व्हॉइल, लॉन, केंब्रिक ही उन्हाळ्यासाठी विणलेली तलम कापडे मात्र बाहुलीवर खऱ्या कपड्यासारखी झुलतात. त्यातही नवेकोरे कापड घेण्यापेक्षा वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले घ्यावे. खळ गेलेली असते, आटायचे तेवढे आटून झालेले असते आणि रंग सुटायचा धोका उरत नाही. आजीची विरत आलेली सुती साडी, बाळाचे लहान झालेले झबले, वडिलांचा झिजलेला शर्ट यांच्या तोडीचे कापड दुकानात मिळणे कठीण.

नक्षीलाही हेच गणित लागू पडते. ३ मिमी.ची चौकडी बाहुलीवर १८ मिमी.ची, म्हणजे जवळजवळ पाऊण इंचाची दिसते, आणि जुन्या काळच्या टेबलक्लॉथी चौकडीचा भास त्यातून बरोबर साधतो. एक इंचाचे फूल मात्र सहा इंचांचे होऊन सगळी छाती झाकून टाकते. नाशिक जिल्ह्यातच येवल्याची पैठणी विणली जाते आणि तिचा उरलेला तुकडा बाहुलीला लावायचा मोह होतो. पण जरीचा ताठपणा आणि काठपदराची मोठी नक्षी या कामाला पोषक नाही. पैठणी बाहुलीला साडी म्हणूनच नेसवावी, फ्रॉकसाठी कापू नये.

सामानासाठी मेन रोड, दहीपूल, कापड पेठ, रविवार कारंजा हा जुन्या नाशिकचा पट्टा पुरेसा आहे. मॅचिंग सेंटरमध्ये मिळणारे ब्लाउजचे २ बाय २ रुबिया या कामाला फार उपयोगी, कारण ते पातळ असते आणि हव्या त्या छटेत मिळते. पिस्ता, लिंबू, फिकट गुलाबी, आकाशी हे १९५० च्या दशकातले आइस्क्रीमी रंग तिथल्या एकाच फळीवर सापडतात. अस्तराला साडीचा फॉल वापरावा. पट्टी अरुंद असली तरी बाहुलीच्या छातीला पुरून उरते. बारीक फुलांची नक्षी हवी असेल तर बायकांच्या सुती गाऊनच्या कापडात शोधावी. लेस घेताना अर्ध्या इंचाहून रुंद घेऊ नये. शिंप्याकडच्या चिंध्यांचे गाठोडे विचारून पाहायला हरकत नाही. एका वितीच्या तुकड्यात बाहुलीची छाती, गळा आणि पट्टा निघतो.

घेरदार फ्रॉक हा या छंदाचा कणा. नवशिक्याने त्याचा घेर चुण्यांचा न करता पूर्ण गोल बेतावा. चुण्या आल्या की कमरेवर कापडाचा गठ्ठा होतो आणि बाहुलीची बारीक कमर हरवते; गोल घेरात कमरेला एकच पदर येतो. कमर ९ सेंमी. आणि मागच्या चढवणीला (मागे एकावर एक येणाऱ्या कडांना) १ सेंमी. धरून परीघ १० सेंमी. झाला, त्याची त्रिज्या सुमारे १.६ सेंमी. भरते. अर्धा सेंमी. माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेले कापड, आत ठेवायची म्हणून मधले भोक १.१ सेंमी. त्रिज्येचे कापायचे. गुडघ्याखाली उतरेल अशी ११ सेंमी. उंची आणि खालच्या दुमडीला अर्धा सेंमी. धरला, तर बाहेरची त्रिज्या १३.१ सेंमी. येते. म्हणजे सगळा घेर पुरुषी हातरुमालात बसतो, आणि काठाला पट्टे असलेला रुमाल असेल तर उरलेल्या काठाची कमरपट्टी होते. भोक सुरुवातीला लहानच कापावे. मोठे झालेले भोक पुन्हा लहान करता येत नाही.

छातीचा भाग अस्तरासकट शिवायचा. बाहुलीला पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यावर कागदी चिकटपट्टी लावावी, मध्यरेषा, कूस (बगलेखालची बाजू), मुंढा आणि गळा पेनाने आखावा, मग ते कवच मागून कापून रेषांवर सुटे करावे. सपाट पसरताना छातीपाशी जिथे ते उचलले जाते तिथेच टक्स येतो. हे कागदी कटिंग ज्या त्या बाहुलीचे वेगळे असते; मॅटेलने २०१६ पासून भरदार, उंच आणि ठेंगण्या बांध्याच्या बार्बीही आणल्या असल्याने तयार कटिंगवर विसंबता येत नाही. वरचे कापड आणि फॉल सुलट बाजूंनी एकमेकांवर ठेवून गळा आणि मुंढा शिवावा, माया ३ मिमी.पर्यंत कातरावी, गोलाईवर बारीक कापे द्यावेत आणि बोथट सुईने उलटवावे. दुमडून तुरपाई करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वच्छ आहे, कारण एवढ्या लहान मुंढ्यात तुरपाईची बोटभर जागाच नसते.

टीप, म्हणजे मशीनच्या एका टाक्याची लांबी, दीड ते दोन मिमी.ची हवी आणि सुई ९ किंवा ११ नंबरची. या कामाला हातमशीन विजेच्या मशीनपेक्षा सरस ठरते. चाक हाताने फिरवून एकेक टाका घालता येतो. तलम कापड सुईच्या भोकात ओढले जात असेल तर खाली पातळ कागद धरून शिवावे आणि नंतर तो फाडून काढावा. कडा सुटू नयेत म्हणून नखांच्या बिनरंगी पॉलिशचा अगदी बारीक थेंब फिरवतात, मात्र आधी त्याच कापडाच्या चिंधीवर तो डाग सोडत नाही ना ते पाहावे. बाही असलीच तर कूस शिवण्याआधी, कापड सपाट असतानाच जोडावी. मागची चीर कमरेखाली चार-पाच सेंमी.पर्यंत उघडी ठेवावी, नाहीतर फ्रॉक नितंबांवरून चढत नाही. बाहुलीची बोटे बाहीत अडकून शिवण उसवते. चढवताना हातावर कागदाची छोटी नळी घातली की हात अलगद सरकतो.

बाकीचे प्रकार तुलनेने सोपे आहेत. हॉल्टरला खांदे नसल्याने मुंढ्याचे कष्ट वाचतात. पोटरीपर्यंतच्या पँटला बारीक पट्ट्यांचे शर्टिंग चालते, पण खालच्या कडेला तीन मिमी.हून अधिक दुमड नको. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातला, गुडघ्याच्या वर राहणारा सरळ मिनी फ्रॉक तर दोन तुकड्यांत होतो आणि शाळेच्या सुट्टीत मुलीला पहिला कपडा म्हणून शिकवायला तोच योग्य. टोपीला सुतळी वापरू नये, ती फार जाड पडते. क्रोशाच्या सुती दोऱ्याची गोल विणून ती साखरेच्या पाकात ताठ करतात, मात्र अशा टोपीला मुंग्यांपासून जपावे लागते. उरेप, म्हणजे तिरके कापलेल्या अर्ध्या इंचाच्या पट्टीचा कमरेला बो बांधला की जुने वळण लगेच उठून दिसते.

कपड्यामुळे बाहुलीचेही नुकसान होऊ शकते. बाहुलीचे व्हिनाइल गडद रंग शोषून घेते आणि लाल, काळा किंवा गर्द निळा डाग पडला की तो सहजासहजी निघत नाही. म्हणून नवे गडद कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे आणि शिवाय आतून पांढरे अस्तर लावावे. जुन्या बार्बीच्या कानातल्या धातूच्या कुड्यांमुळे कानांभोवती हिरवा डाग पसरतो, तेव्हा मोती-कुड्या घालून बाहुली ठेवून देऊ नये. नाशिकच्या कोरड्या उन्हात कपडे लवकर वाळतात, पण सावलीतच वाळवावेत. बाहुलीलाही खिडकीत ठेवू नये, तिच्या गालांचा आणि ओठांचा रंग उडतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की लोखंडी टिचबटणे आणि हुक गंजतात आणि मलमलीवर तपकिरी ठिपका उमटतो. पुढे वर्षानुवर्षे ठेवायचा कपडा असेल तर मागच्या चिरेला धातू लावूच नये. बारीक काचेचे मणी आणि दोऱ्याचे फासे लावावेत. ते घालायला वेळ लागतो, पण जुन्या वळणाशी त्यांचा मेळ टिचबटणांपेक्षा अधिक बसतो.