टेंडर निघालं की बोलायचंच नाही? असं काही नाहीये

न्यूयॉर्क राज्याची सरकारी कामं घेणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की टेंडर निघालं की खात्यात कुणाशी एक अक्षरही बोलायचं नाही, बोललात की बाद. हे अर्धवट ऐकलेलं आहे, आणि त्यापायी चांगले लोक शंका तशीच ठेवून अंदाजपंचे भाव भरतात याचं खरंच वाईट वाटतं.

तिथल्या स्टेट फायनान्स लॉचं (राज्याच्या पैशांच्या व्यवहारांच्या कायद्याचं) कलम 139-जे (1 जानेवारी 2006 पासून लागू) म्हणतं की टेंडरची पहिली लेखी सूचना किंवा जाहिरात आल्यापासून कंत्राट फायनल होईपर्यंत निकालावर प्रभाव टाकायला कुणाशी संपर्क करायचा असेल तर तो फक्त खात्याने नेमून दिलेल्या माणसाशीच करायचा. त्याचं नाव टेंडरच्या कागदातच असतं, तिथे आधी बघा.

समजा एका पानावर वॉरंटी 3 वर्षं लिहिलीय आणि दुसऱ्यावर 5, तर सरळ ठरलेल्या पद्धतीने लेखी प्रश्न पाठवा, उत्तर सगळ्या बोलीदारांना जातं म्हणून त्यात गैर काहीच नाही. प्री-बिड मीटिंगमध्येही, म्हणजे बोली भरण्याआधीच्या बैठकीतही, विचारता येतं. आणि नेमलेला माणूस वेळेत उत्तरच देत नसेल तर त्या खात्याच्या जनरल कौन्सेलच्या (खात्याच्या मुख्य वकिलाच्या) ऑफिसला लेखी तक्रार करता येते, ती मुभाही कायद्यानेच दिलीय.

धोका आहे तो ओळखीच्या साहेबाला हळूच फोन लावण्यात. जाणूनबुजून केलेलं असं उल्लंघन 4 वर्षांत दोनदा सिद्ध झालं की पुढची 4 वर्षं राज्याची कंत्राटं बंद.