इंजिनाच्या संगणकातील पाझरणारे कपॅसिटर

जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन अडखळू लागले की ‘कॉम्प्युटर गेला, नवा टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावी तयार झालेल्या पहिल्या पिढीच्या मित्सुबिशी इक्लिप्सबाबत (मॉडेल-वर्षे 1990 ते 1994) तो सल्ला अर्धवट खरा असतो, कारण तिच्या संगणकात बिघडतात ते बहुधा काही रुपयांचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे छोटे भाग.

1996 पासून अमेरिकेत सक्तीची झालेली ओबीडी-2 ही दोष-निदानाची प्रमाणित पद्धत या गाडीत नाही. निदानाच्या सॉकेटला काट्याचा व्होल्टमीटर जोडला की काटा झोके घेतो. लांब झोके दशकाचे, आखूड एककाचे. दोन लांब आणि एक आखूड म्हणजे दोषाचा कोड 21, अर्थात कूलंटच्या तापमान-सेन्सरचे सर्किट. सेन्सर, वायरिंग, 12 व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग हे सारे निर्दोष ठरले, तरच संगणकाचा डबा उघडावा. बॅटरीची वायर काढून लावल्याने संगणक ‘ताजातवाना’ होतो ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. त्याने साठवलेला कोड पुसला जातो आणि दोष जागच्या जागी राहतो.

या डब्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची रचना खरोखर विलक्षण आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर विद्युतक्रियेने ऑक्साइडचा थर चढवतात. त्याची जाडी दर व्होल्टला सुमारे 1.4 नॅनोमीटर एवढीच असते, आणि हा थरच विद्युतरोधक असतो. कागदात मुरवलेला विद्युतवाहक द्रव दुसऱ्या ध्रुवाचे काम करतो. त्या काळातील अनेक कपॅसिटरांच्या द्रवात चतुर्थक अमोनियम क्षार असत. ऋण ध्रुवापाशी पाण्याच्या अपघटनातून हायड्रॉक्साइड आयन तयार होतात, त्या क्षारांसोबत ते तीव्र अल्कली बनतात, आणि ती अल्कली तळाचे रबरी बूच पोखरते. तापमान 10 अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. द्रव घटला की धारिता (वीज साठवण्याची क्षमता) घटते, अंतर्गत रोध वाढतो आणि प्रोसेसरला मिळणारा 5 व्होल्टचा पुरवठा डळमळतो. बाहेर पाझरलेला द्रव विद्युतवाहक असल्यामुळे शेजारच्या सर्किटांमध्ये नको त्या वाटा जोडतो आणि बोर्डावरील तांब्याच्या रेघा खातो. सेन्सर धडधाकट असताना त्याचा कोड उमटतो तो यामुळेच.

डबा उघडल्यावर माशासारखा वास आणि कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी चिकट कडे आढळले, तर शंका उरत नाही. 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे नवे कपॅसिटर सोल्डर करण्यापूर्वी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावा, तुटलेल्या रेघांवर बारीक तार जोडावी आणि प्रत्येक जोडणी मल्टिमीटरने तपासूनच डबा बंद करावा.