रोमन घरात ओकण्याची खोली नव्हती

मेजवानीत पोट भरलं की रोमन श्रीमंत 'वोमिटोरियम' नावाच्या खोलीत ओकून येत आणि पुन्हा पानावर बसत, ही गोष्ट साफ खोटी आहे. मूळ लॅटिन क्रियापद 'वोमो, वोमेरे', म्हणजे ओकणे. संस्कृत 'वम्' आणि आपलं 'वमन' त्याच घराण्यातलं. पण लॅटिनमध्ये ते 'बाहेर लोटणे' याही अर्थी चालतं. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यात सकाळी मुजऱ्याला आलेल्यांचा लोंढा वाडा असाच 'ओकतो'. ही ओळ देऊन ५व्या शतकातला रोमन लेखक मॅक्रोबिअस सांगतो: प्रेक्षागृहात ज्या वाटांनी माणसं लोंढ्याने शिरून आसनांवर पसरतात, त्या 'वोमिटोरिया' ('वोमिटोरियम'चं अनेकवचन). रोममधल्या कलोसियम या प्राचीन प्रेक्षागृहात त्या आजही दिसतात. ओकून पुन्हा खाणाऱ्यांना रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने झोडपलंय, हे खरं. पण तिथे खोलीचा उल्लेखही नाही.