मागील सस्पेन्शन बसणे (ट्रेलर ओढणारी वाहने)

ट्रेलर जोडल्यावर ओढणाऱ्या वाहनाचा मागचा भाग प्रमाणाबाहेर खाली जाणे व पुढचा भाग वर उचलला जाणे. थोडे खाली जाणे हा दोष नव्हे; भार आला की दबायचे, हेच स्प्रिंगचे काम. दबायला जागाच उरत नाही, अ‍ॅक्सल (चाकांचा आस) रबरी बंप स्टॉपवर, म्हणजे त्याची चाल अडवणाऱ्या ठोकळ्यावर, आदळू लागतो किंवा पुढच्या चाकांवरचे वजन जाणवण्याइतके घटते, तेव्हा दुरुस्तीचा विचार करावा लागतो. या दुरुस्तीत बहुतेक घोटाळे होतात ते उंची आणि भार या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. मागची बाजू उचलून धरणारी साधने पुष्कळ मिळतात, पण त्यांतली बहुतेक पुढच्या चाकांवरून गेलेला भार परत आणत नाहीत.

भार कसा पडतो : ट्रेलरच्या दांडीचे वजन हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडाच्या, बॉलवर उभे पडते. उत्तर अमेरिकेत साध्या ट्रेलरसाठी ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवण्याची पद्धत आहे. युरोपात हे प्रमाण बरेच कमी असते आणि अनेक मोटारींच्या हिचची मर्यादाच ७५ ते १०० किग्रॅ. असते. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असल्याने सगळी गाडी तरफेसारखी वागते. दोन अ‍ॅक्सलमधले अंतर ३ मी., मागच्या अ‍ॅक्सलपासून बॉल १.२ मी. मागे आणि बॉलवरचा भार १५० किग्रॅ. असेल, तर पुढच्या अ‍ॅक्सलवरून ६० किग्रॅ. उचलले जातात आणि मागच्यावर १५० नव्हे, २१० किग्रॅ. वाढतात. त्यात डिकीतले सामान आणि मागच्या सीटवरची माणसे मिळवली, की ‘एवढ्याशा ट्रेलरने गाडी इतकी कशी बसली’ या प्रश्नाचे उत्तर मिळते.

पुढचे वजन घटले की स्टिअरिंग हलके पडते आणि ब्रेक दाबताना पुढच्या टायरांची पकड कमी होते. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीची चाके चढावर जागच्या जागी फिरू लागतात. हेडलाइटचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या (प्रत्येक चाक वेगळे वरखाली होणाऱ्या) गाडीत मागची चाके वरच्या बाजूने आत कलतात व टायर आतल्या कडेला झिजतात. ट्रेलरचे नाक खाली गेल्याने दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये पुढच्या अ‍ॅक्सलवर जादा भार येतो, तो वेगळाच.

निदान : सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंतची उंची चारही चाकांवर मोजतात. जमिनीपासून मोजले तर टायरमधल्या हवेचा फरक मापात शिरतो. हेच माप रिकाम्या गाडीचे, सामान भरलेल्या गाडीचे आणि ट्रेलर जोडल्यावर, असे तीनदा घ्यावे. रिकामी गाडीच खाली असेल तर स्प्रिंगा संपल्या आहेत. रिकामी असताना ठीक आणि ट्रेलर जोडताच खाली जात असेल, तर स्प्रिंगा चांगल्या असूनही त्या कामाला अपुऱ्या आहेत किंवा भारच जास्त आहे. एकच बाजू खाली असेल तर तुटलेली कॉइल (वेटोळ्याची स्प्रिंग) किंवा तुटलेला पाटा (पट्ट्यांच्या स्प्रिंगमधली पट्टी) शोधावा. बंप स्टॉपवर ताज्या आपटीच्या खुणा दिसल्या तर मोजमापाचीही फारशी गरज उरत नाही.

जुनी स्प्रिंग ‘मऊ पडते’ असे सर्रास म्हटले जाते, पण पोलादाचा कडकपणा वयाने जवळजवळ बदलत नाही. वर्षानुवर्षे ताणाखाली राहून स्प्रिंग कायमची थोडी आखूड होते, म्हणजे तिची मोकळी उंची घटते. पाट्यांचा बाक सपाट होतो. दर किलोला ती पूर्वीइतकीच दबते, फक्त सुरुवातच खालून करते आणि बंप स्टॉप लवकर गाठते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचाही असाच गैरसमज आहे. साधा शॉक अ‍ॅब्सॉर्बर हेलकावे शमवतो, वजन पेलत नाही. म्हणून बसलेल्या गाडीला नुसते नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवणे हा पैशांचा अपव्यय होय.

याला एक अपवाद आहे. निव्होमॅट जातीचे स्वयंसमतल शॉक अ‍ॅब्सॉर्बर गाडीच्या चालण्यातल्या हालचालीनेच आतला दाब वाढवतात आणि काही अंतर गेल्यावर गाडी आपोआप उचलतात. अशा गाड्यांच्या मूळ स्प्रिंगा मुद्दाम हलक्या ठेवलेल्या असतात. तिथे स्वस्तात साधे शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावले की गाडी हमखास बसते, आणि मग दोष स्प्रिंगांना दिला जातो. उंची आपोआप राखण्याची कल्पना जुनीच आहे. सित्रोएनने १९५४ मध्ये एका मॉडेलच्या मागच्या चाकांना आणि १९५५ मध्ये डीएस मोटारीच्या चारही चाकांना तेल व वायूच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन दिले होते.

उपाय : संपलेल्या स्प्रिंगा मूळ मापाच्याच नव्या घालणे ही पहिली पायरी, आणि पुष्कळदा तेवढ्याने भागते. बदलताना जोडीने बदलाव्यात. नेहमी ओझे ओढणाऱ्या गाडीला अधिक कडक स्प्रिंग योग्य ठरते. मात्र कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. बाकी मापे तीच ठेवून तार १० टक्के जाड केली तरी स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते, आणि रिकामी गाडी खड्ड्यांवर उडू लागते. पाट्यांच्या सस्पेन्शनमध्ये एक जादा पाटा घालतात, किंवा ठरावीक भारानंतरच टेकणारा मदतीचा पाटा बसवतात. रोजच्या वापराच्या गाडीला हा दुसरा प्रकार कितीतरी बरा. स्प्रिंगखाली पॅकिंग घातल्याने उंची मिळते, कडकपणा मिळत नाही.

मूळ स्प्रिंगच्या मदतीला हवेने फुगणाऱ्या पिशव्याही बसवतात. त्यांचा मोठा फायदा म्हणजे भारानुसार दाब कमी-जास्त करता येतो. कॉइलच्या आत बसणाऱ्या पिशवीत रिकाम्या गाडीतही थोडी हवा ठेवावी लागते, नाहीतर ती स्प्रिंगमध्ये चिमटली जाऊन फाटते. डाव्या-उजव्या पिशव्यांच्या नळ्या वेगळ्या ठेवणे चांगले. एकाच नळीवर जोडल्या तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जाते आणि गाडी आणखी कलते. पाट्यांच्या पिकअपवर पिशव्या लावताना विशेष जपावे. पाटे आपला भार चासीला (गाडीच्या सांगाड्याला) दोन टोकांवर देतात, तर पिशवी तो अ‍ॅक्सलच्या वर एकाच जागी देते. मागे लांबवर जड ट्रेलर आणि मध्ये फुगवलेली पिशवी, अशा जोडीने चासी वाकल्याची उदाहरणे आहेत.

या सगळ्या साधनांनी गाडी समतल दिसते, पण वरच्या उदाहरणातले ६० किग्रॅ. पुढच्या अ‍ॅक्सलवर परतत नाहीत आणि मागच्या अ‍ॅक्सलवर २१० किग्रॅ.ची वाढ तशीच राहते. ते काम भार वाटून देणाऱ्या हिचचे आहे. तिच्या ताणलेल्या दांड्या जोडावर पीळ देतात. मागच्या अ‍ॅक्सलवरचा काही भार पुढे गाडीच्या आणि काही मागे ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर सरकतो. ही हिच सर्व वाहनांना आणि सर्व ट्रेलर-ब्रेकांना चालत नाही, त्यामुळे दोन्ही उत्पादकांच्या सूचना आधी पाहाव्यात. दुसरा मार्ग म्हणजे ट्रेलरमधले सामान मागे सरकवून बॉलवरचा भार कमी करणे. ते सोपे वाटते आणि बेताने केले तर चालतेही, पण नाक फार हलके झाले की वेगात ट्रेलर डोलू लागतो. मागून बसलेल्या गाडीपेक्षा ते फार वाईट.

कोणत्याही उपायाने गाडीच्या एकूण वजनाची, मागच्या अ‍ॅक्सलची, टायरांची वा हिचची ठरलेली मर्यादा वाढत नाही. समतल दिसणारी गाडीही मर्यादेबाहेर भरलेली असू शकते. खात्री वजनकाट्यावरच होते.

उंची बदलल्यावर काही गोष्टी तपासाव्या लागतात. काही पिकअप व व्हॅनमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला असतो आणि गाडी किती बसली यावरून भार ओळखतो. गाडी उचलून धरली की तो तिला रिकामी समजतो आणि ऐन ओझ्यात मागचे ब्रेक कमी लावतो, म्हणून त्याची दांडी नव्याने जुळवावी लागते. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबत असताना ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे पाहावे. प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या अ‍ॅक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) कोन फार बदलला तर थरथर जाणवते. हेडलाइटच्या झोताची दिशा पुन्हा जुळवून घ्यावी. पाट्यांचे काम केले असेल तर पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू बोल्ट नवे घालून ठरलेल्या ताकदीने आवळावेत आणि गाडी थोडी चालवल्यावर पुन्हा आवळावेत; नवे पाटे एकमेकांवर बसताना ते सैल पडतात.