पदवीपूर्व संशोधन मार्गदर्शन

पदवीपूर्व संशोधन मार्गदर्शन : पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाने आपल्या चालू संशोधनात सहभागी करून घेण्याची, आणि त्या सहभागासाठी विद्यापीठ, शासन किंवा एखादा न्यास यांच्याकडून विद्यावेतन, साहित्यखर्च वा प्रवासखर्च मिळण्याची उच्च शिक्षणातील पद्धत. पीएच.डी.च्या मार्गदर्शनाहून ती बरीच वेगळी आहे. पीएच.डी.चा विद्यार्थी विषयाची निदान प्राथमिक तयारी करून आलेला असतो आणि त्याच्या हाताशी काही वर्षे असतात; पदवीच्या विद्यार्थ्याची तयारी अपुरी असते, सत्रपरीक्षा मध्ये येतात आणि सलग वेळ मिळतो तो बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीतले आठ-दहा आठवडे. एवढ्या अवधीत त्याला खरे संशोधन करू द्यायचे, तर प्रश्न कोणता द्यायचा आणि त्याला कितपत मोकळे सोडायचे, हे ठरवण्यातच मार्गदर्शकाचे बहुतेक कसब लागते.

महाराष्ट्रात विज्ञान शाखेतून गेलेल्या प्रत्येकाला ‘जर्नल’, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, ठाऊक असते. लंबकाच्या प्रयोगातून गुरुत्वत्वरण काढायचे आणि उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवे, हे लंबक हलण्याआधीच माहीत असते. रीडिंग जुळले नाही, तर ते जुळवण्याचा किंवा वरच्या वर्गातल्या कोणाच्या जर्नलमधून उतरवून घेण्याचा मोह होतो, कारण जर्नल वेळेत सबमिट करून सही मिळवणे हेच त्या तासाचे उद्दिष्ट होऊन बसते. संशोधनाच्या वहीत याच्या उलट शिस्त असते. पानावर तारीख हवी, फसलेले रीडिंगही तसेच राहायला हवे, खाडाखोड करायची तर एक रेघ मारून, म्हणजे खालचा आकडा वाचता येईल अशी. उत्तर काय येणार हे विद्यार्थ्यालाच काय, शेजारी उभ्या असलेल्या प्राध्यापकालाही माहीत नसते. विद्यार्थ्याला हे पहिल्यांदा उमगते तो क्षण या साऱ्या पद्धतीचा गाभा मानायला हरकत नाही. अनुदान, निवड, नियमावली हे सगळे त्या क्षणासाठीच उभे केलेले असते.

अध्यापन आणि संशोधन एकाच छपराखाली व एकाच व्यक्तीकडून व्हावे, हा विचार १८१० साली बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या विद्यापीठाशी जोडला जातो. तेथील चर्चासत्रांतून आणि पुढे जर्मन प्रयोगशाळांतून तो रुजला, तरी त्याचा लाभ प्रामुख्याने वरच्या टप्प्यावरील विद्यार्थ्यांना होत असे. पदवीच्या मुलांना असा लाभ मिळाला, तर तो एखाद्या शिक्षकाच्या वैयक्तिक औदार्यामुळे किंवा योगायोगाने. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९२८ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड मद्रासला आले असता हा पदवीचा विद्यार्थी त्यांना जाऊन भेटला. त्याने शिकलेला पुंजसिद्धांत (क्वांटम सिद्धांत) आता मागे पडला आहे, असे झोमरफेल्ड यांनी त्याला स्पष्ट सांगितले आणि धातूंतील इलेक्ट्रॉनांवरील आपल्या नव्या लेखाची मुद्रिते वाचायला दिली. त्यातूनच चंद्रशेखर यांचा काँप्टन प्रकीर्णनावरील (इलेक्ट्रॉनांवर आदळून किरण विखुरण्यावरील) शोधनिबंध तयार झाला आणि १९२९ मध्ये, पदवी हाती पडण्याआधीच, रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका भेटीत एवढे घडू शकले, पण अशी भेट किती जणांच्या वाट्याला येते? पुढे उभ्या राहिलेल्या योजनांचा हेतू हा योगायोग नियमित करण्याचा होता.

अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९५८ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांच्या संशोधन सहभागासाठी अनुदान देण्यास सुरुवात केली. सोव्हिएत संघाच्या स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाचे उड्डाण नुकतेच झाले होते आणि विज्ञान शिक्षणाची चिंता तेथील शासनाला भेडसावत होती. ही योजना १९८० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि १९८७ मध्ये ‘पदवी विद्यार्थ्यांसाठी संशोधन अनुभव’ या नावाने नव्या रूपात आली. दरम्यान मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत (एमआयटी) एक वेगळा प्रयोग झाला. पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी तेथे १९५७ मध्ये दिलेल्या व्याख्यानात असा आग्रह धरला होता की, विद्यार्थ्याला संस्थेत पाऊल टाकल्यापासूनच स्वतःचा संशोधन प्रकल्प मिळाला पाहिजे. हा विचार भौतिकीच्या प्राध्यापक मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये प्रत्यक्षात आणला. त्यांनी सुरू केलेल्या कार्यक्रमात विद्यार्थी प्राध्यापकाचा ‘कनिष्ठ सहकारी’ म्हणून काम करतो आणि त्याबद्दल त्याला श्रेयांक (क्रेडिट) किंवा पैसे यांपैकी एक मिळते. आज या संस्थेतील बहुसंख्य विद्यार्थी पदवी मिळण्याआधी कधी ना कधी त्यात काम करून गेलेले असतात. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेच्या १९७९ पासूनच्या उन्हाळी योजनेत एक चांगली अट आहे : विद्यार्थ्याने मार्गदर्शकाशी चर्चा करून प्रस्ताव स्वतः लिहायचा असतो. काम सुरू होण्याआधीच आपण नेमके काय शोधणार आहोत, हे चार परिच्छेदांत मांडायला लागल्याने निम्मे शिक्षण तेथेच होते.

अनुदानाची रचना साधारणतः दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात विभागाला किंवा संस्थेला एकरकमी अनुदान मिळते व त्यातून दरवर्षी आठ-दहा विद्यार्थ्यांची तुकडी एकत्र बोलावली जाते. त्यांत बाहेरच्या, विशेषतः संशोधनाची सोय नसलेल्या महाविद्यालयांतील मुलांना मुद्दाम जागा ठेवतात. दुसऱ्या प्रकारात प्राध्यापकाच्या मंजूर संशोधन अनुदानालाच एक पुरवणी जोडली जाते आणि तिच्यातून एक-दोन विद्यार्थी घेतले जातात. पहिल्यात मुलांना एकमेकांची सोबत मिळते, दुसऱ्यात काम अधिक सखोल होते. मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ येथील गणित कार्यक्रम पहिल्या प्रकारात मोडतो. जोसेफ गॅलियन यांनी तो १९७७ मध्ये सुरू केला आणि अनेक दशके चालवला. पुढे २०१४ मध्ये फील्ड्स पदक हा गणितातील सर्वोच्च सन्मानांपैकी एक मिळवणारे मंजुल भार्गव विद्यार्थिदशेत तेथे होते. गणिताला उपकरणे लागत नाहीत. त्यामुळे या कार्यक्रमात पैसा लागतो तो मुलांच्या राहण्या-जेवण्याला आणि विद्यावेतनाला, आणि बाकी सारे मार्गदर्शकाने निवडलेल्या प्रश्नांवर अवलंबून असते.

प्रश्नाची निवड हा म्हणूनच सर्वांत अवघड भाग. तो लहान हवा, पण खरोखर अनुत्तरित हवा. दोन महिन्यांत काहीतरी हाती लागेल असा हवा, पण लागले नाही तरी वाया न जाणारा हवा. असा प्रश्न फार चांगल्या रीतीने कसा मांडता येतो, हे २००८ मध्ये हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेच्या आधाराने आणि पिट्सबर्ग विद्यापीठातील ग्रॅहम हॅटफुल यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या जीवाणुभक्षी विषाणूंच्या कार्यक्रमात दिसते. पदवीच्या पहिल्याच वर्षाचा विद्यार्थी आपल्या अंगणातली मूठभर माती आणतो, ती द्रवात घोळवून गाळतो, गाळलेला द्रव मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या निरुपद्रवी जीवाणूत मिसळतो आणि मऊ आगारसह (जेलीसारख्या माध्यमासह) बशीत ओततो. एक-दोन दिवसांनी बशीवर जीवाणूंची दुधट साय धरते. त्या सायीत कोठे स्वच्छ, पारदर्शक ठिपका दिसला, तर तेथे विषाणूने जीवाणू मारले आहेत. तो विषाणू बहुधा आजवर कोणीही न पाहिलेला असतो. विद्यार्थी त्याला नाव देतो आणि पुढे त्याच्या जनुकसंचाची नोंद करतो. कृती सर्वांची सारखी, म्हणून एक शिक्षक एका वेळी वीस जणांना शिकवू शकतो. पण सापडणारी वस्तू प्रत्येकाची वेगळी. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे पदवीच्या एका विद्यार्थिनीने २०१० मध्ये कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूवरून असाच एक विषाणू वेगळा केला आणि त्याचे नाव ‘मडी’ ठेवले. काही वर्षांनी लंडनमध्ये कोणत्याही प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या जीवाणुसंसर्गाने ग्रासलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीवर ज्या तीन विषाणूंचे मिश्रण वापरले गेले, त्यांत ‘मडी’ होता. तिची प्रकृती सुधारल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मोठ्या प्रयोगशाळांत मार्गदर्शन प्रत्यक्षात उतरंडीने चालते. प्राध्यापक प्रश्न देतात, रोजचे शिकवणे मात्र पीएच.डी. करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडे असते. पिपेट कसे धरायचे, संगणकावरची आज्ञावली का अडली, चाचणी पुन्हा कधी लावायची, हे सारे तोच सांगतो. यात गैर काही नाही. नव्याने आलेल्या मुलाला आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या माणसाला शंका विचारणे सोपे जाते. पण आठवड्यातून एकदा तरी प्राध्यापक स्वतः बसून वही पाहत नसतील, तर तो विद्यार्थी फुकटचा किंवा स्वस्तातला हात होऊन जातो. नळ्या धुणे, नमुन्यांना चिठ्ठ्या लावणे, आकडे टंकणे ही कामे प्रत्येकाने करायची असतात. ती कशासाठी आहेत हे न सांगता करवून घेतली, तर त्याला मार्गदर्शन म्हणता येणार नाही. सहलेखकत्वाचा प्रश्नही आरंभीच बोलून घ्यावा लागतो. शोधनिबंधात नाव कोणत्या कामासाठी येईल आणि कोणत्या कामासाठी केवळ ऋणनिर्देश होईल, हे स्पष्ट नसल्यास शेवटी कटुता येते, आणि त्या वेळी विद्यार्थी बोलू शकत नाही, कारण शिफारसपत्र त्याच प्राध्यापकांकडून हवे असते.

विद्यावेतनाकडे अनेकदा बक्षीस म्हणून पाहिले जाते. ते बक्षीस नव्हे. ज्या घरात मुलाने सुट्टीत शेतात, दुकानात किंवा शिकवण्यांत हातभार लावणे गृहीत असते, त्या घरातला विद्यार्थी विनावेतन दोन महिने परगावी राहू शकत नाही. मग संशोधनाची संधी आपोआपच ज्यांना परवडते त्यांच्याकडे जाते. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेल्या ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वामागे हीच जाण होती, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती योजना त्यांच्याच नावाने चालते.

भारतातील योजनांमध्ये बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी अधिछात्रवृत्ती सर्वदूर पोहोचलेली आहे. तिच्यात निवड झालेल्यांना दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करता येते. ती विद्यार्थ्यांप्रमाणे महाविद्यालयीन शिक्षकांनाही खुली आहे, आणि संशोधनापासून दूर गेलेल्या शिक्षकाला पुन्हा प्रयोगशाळेत आणणारी ही तरतूद तिचे सर्वांत दूरदर्शी अंग आहे. १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये ‘इन्स्पायर’ या केंद्र शासनाच्या विज्ञान शिष्यवृत्ती योजनेत विलीन झाली. ‘इन्स्पायर’च्या उच्च शिक्षण शिष्यवृत्तीतील वार्षिक ८०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पाच्या मार्गदर्शनासाठी राखलेले असतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था सुट्टीत विद्यार्थी घेते. तिच्याच मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये सुरू केलेल्या पदवी विज्ञानाच्या राष्ट्रीय उपक्रमात निवडलेली मुले एकाच सुट्टीपुरती येत नाहीत, तर एक प्रकल्प हाती घेऊन पुढच्या सुट्ट्यांतही परत येतात. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था आणि खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीचे काम पाहणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र येथेही सुट्टीतील विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम असतात. परदेशी जाणाऱ्यांसाठी कॅनडातील मायटॅक्स या संस्थेची बारा आठवड्यांची ग्लोबलिंक छात्रवृत्ती आहे.

मानव्यविद्यांकडे या योजनांचे फारसे लक्ष गेलेले नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुण्याच्या पेशवे दप्तरात बसवायचे, तर आधी मोडी वाचायला शिकवावे लागते, आणि त्याला लागणारे महिने कोणत्याही उन्हाळी अनुदानात बसत नाहीत. राज्यातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा या बाबतीत उदार आहे. तिच्या गटांपैकी एक मानव्यविद्या, भाषा व ललितकलांचा आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांची पातळी स्वतंत्र आहे. स्पर्धेचे भित्तिपत्रक तयार करण्याच्या निमित्ताने अनेक तालुक्यांच्या गावी प्राध्यापक आणि विद्यार्थी पहिल्यांदाच एका प्रश्नावर एकत्र बसतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर हे मार्गदर्शन ऐच्छिक उरलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेऊ शकतो आणि तिच्यात १२ श्रेयांक संशोधन प्रकल्पाचे असतात. प्रकल्प आला म्हणजे मार्गदर्शक आला. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितले आहे. तिच्यातील संशोधन मार्गदर्शनाच्या गुणांकनात पीएच.डी.ला दहा, एम.फिल. वा पदव्युत्तर प्रबंधाला दोन गुण आहेत, तर पदवीच्या विद्यार्थ्याला दिलेल्या मार्गदर्शनाचा उल्लेखच नाही. अनुदानातून रसायने येतात, विद्यावेतन येते, वर्षअखेरीला पैसा ठरल्या कामी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्रही जाते. शिक्षकाचा वेळ मात्र कोणत्याही रकान्यात मांडला जात नाही. जेथे विभागप्रमुखांनी प्रकल्प मार्गदर्शनाचे तास वेळापत्रकात कार्यभार म्हणून धरले, तेथे आठवड्याची बैठक टिकते. जेथे ते धरले जात नाहीत, तेथे ती चार वाजल्यानंतर, शेवटची बस निघण्याआधीच्या अर्ध्या तासात होते.